मदत हवी आहे: फराळाची जाहिरात करायची आहे, पण लोकांचं डोकं न खाता

मंडळी,

डोंबिवलीत मी आणि सासूबाई घरून भाजण्या, मेतकूट आणि दिवाळीचा फराळ करून विकतो. चौथं वर्ष आहे. चकलीबद्दल तक्रार अजून कधी आली नाही. आली ती माझ्या मेसेजांबद्दल.

गेल्या दिवाळीआधी उत्साहाच्या भरात फोनमधले सगळे नंबर घालून मी व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला. सगळे म्हणजे सगळे! मुलाच्या शाळेतले पालक, जुन्या ऑफिसातली माणसं, शेगडी दुरुस्त करणारे दादा, कोणालाही न विचारता. रोज सकाळ-संध्याकाळ फोटो आणि दरपत्रक. चौथ्या दिवसापर्यंत निम्मे लोक बाहेर पडले. सोसायटीच्या ग्रुपवरही तेच टाकत राहिले, तेव्हा ॲडमिननं आधी समज दिली आणि मग काढूनच टाकलं. (रोज गुलाबाचं फूल आणि सुविचार पाठवणाऱ्यांना तिथे अभय आहे. असो, चूक माझीच.)

सगळ्यात लागलं ते तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं बोलणं. जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, "अगं, तुझी चकली मी दरवर्षी घेतेच की. मग उधारी राहिल्यासारखी रोज आठवण कशाला करतेस?"

यंदा गणपतीच्या आधीच नीट ठरवायचं आहे. ब्रॉडकास्ट लिस्ट (एकच मेसेज यादीतल्या प्रत्येकाला वेगळा जातो ती) करून पाहिली, पण साठ जणांना पाठवलं तर दहा-बारा जणांनाच पोचतं, असं का? फेसबुकवरच्या खाण्याच्या ग्रुपांत टाकावं का? पैसे भरून जाहिरात परवडेल का? आमची झेप दिवाळीत जेमतेम ८० किलोची. दोन बायका आणि एक सोऱ्या.

चिवडा_कमी_तिखट:
ताई, ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलाय, त्यांनाच ब्रॉडकास्ट पोचतो. एका यादीत २५६ जण घालता येतात, पण घातले म्हणून पोचत नाही. मला ही अडचण वाटत नाही, आयती चाळणी आहे. पाकिटात चिठ्ठी टाका: "पुढच्या वेळी कळवायला हवं असेल तर हा नंबर सेव्ह करा आणि 'फराळ' एवढंच लिहून पाठवा." जे पाठवतील तेवढेच यादीत. बाकीच्यांना हातही लावू नका.

सांगलीकर_हळदवाला:
+१. शिवाय धंद्यासाठी वेगळा नंबर घ्या आणि त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस टाका, फुकट आहे. दरपत्रक कॅटलॉगमध्ये ठेवायचं, कुणी विचारलं तरच लिंक द्यायची. त्यात लेबलं लावता येतात. आमच्याकडे 'दरवर्षीचे', 'कुरिअरवाले' आणि 'कळवू नका' अशी आहेत. तिसरं सगळ्यात जपायचं. खूप लोकांनी ब्लॉक किंवा रिपोर्ट केलं तर नंबरच बंद होऊ शकतो, आणि तो ऐन वसुबारसेला झाला तर काय कराल? आम्ही वर्षात चार मेसेज करतो. नवी हळद आली की पहिला.

आणि पाकिटावर एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक आहे ना? घरगुती असलं तरी लागतो. नसेल तर जाहिरात नंतर, आधी ते.

नुसती_वाचक:
मी गिऱ्हाईक म्हणून सांगते. स्टेटसला टाकलेलं मला चालतं, कारण ते मी माझ्या मर्जीनं उघडते, आणि २४ तासांत ते जातंही. पण तिथेही दरपत्रक नको हो! भाजणी भाजताना दाखवा, सोऱ्यातून काटेरी चकली पडताना दाखवा.

फेसबुकच्या ग्रुपवर जाहिरात टाकू नका, उत्तरं द्या. दिवाळीआधी तिथे हमखास कोणीतरी विचारतं, "चकली तेलात का विरघळते?" तुम्ही लिहा की मोहन (पिठात घालतात ते गरम तेल) जास्त झालंय. "कडक का होते?" मोहन कमी पडलंय. अशी चार उत्तरं दिलीत की लोक आपणहून विचारतील, तुम्ही करून देता का. मग त्यांना वेगळं लिहा. ग्रुपचे नियम मात्र आधी वाचा, काही ठिकाणी विक्रीला आठवड्याचा एकच वार ठरलेला असतो.

चिवडा_कमी_तिखट:
पैसे भरून जाहिरात ८० किलोसाठी नको असं माझं मत. "रेट?" एवढंच विचारणारे शंभर येतील आणि त्यांना उत्तरं देण्यात तळणं राहील. करायचीच तर डोंबिवली-कल्याणपुरती ठेवा, तसा भाग निवडता येतो.

मूळ लेखिका:
सगळ्यांचे आभार. नवा नंबर घेतला, चिठ्ठ्या छापायला टाकल्यात. काकूंना जिन्यातच विचारलं, यादीत घालू का? म्हणाल्या, "वसुबारसेच्या आठ दिवस आधी एकदा कळव, बास."

'कळवू नका' या लेबलाबद्दल सासूबाईंना सांगितलं, तर म्हणतात पहिला त्या ॲडमिनला घाल. पण त्याची बायको दरवर्षी दोन किलो चकली नेते. त्याचं काय करू?