जुन्या पक्षीडायऱ्या आधी ईबर्डवर चढवू की सरळ पाण्यावर जाऊ?

पाणकाठ: १२ वर्षांनी परवा पुण्याजवळच्या कवडीपाटला पक्षी बघायला गेलो. नोकरी, मग आईचं आजारपण, दुर्बीण कपाटातच राहिली नि लेन्सवर बुरशी चढली, ती साफ करून आणली. चक्रवाक बदकं दिसली आणि डोळ्यात पाणीच आलं, पण तुतवारांसमोर, म्हणजे काठावरच्या त्या एकसारख्या दिसणाऱ्या छोट्या पाणपक्ष्यांसमोर बसलो तर एकाचंही नाव खात्रीनं सांगता येईना. घरी १९९८ पासूनच्या ९ डायऱ्या पडून आहेत. माझं म्हणणं, पुन्हा सुरू करायचं तर आधी त्या ईबर्डवर, म्हणजे पक्षीनोंदींच्या त्या संकेतस्थळावर चढवायच्या, मागचं मार्गी लावायचं. पटतंय का?

माळटिटवी: अजिबात नाही. ९ डायऱ्या भरता भरता मार्च उजाडेल आणि बदकं परतीच्या वाटेला लागलेली असतील. कान गेलेत तुमचे, ते लॅपटॉपसमोर बसून परत येत नाहीत हो! रोज एकच जागा, अर्धा तास. आणि आवाजावरून पक्षी ओळखणारं ते मर्लिन बंद ठेवा, ॲपनं नाव सांगितलं की आपण ऐकायचंच थांबतो.

घाटवाट: टिटवीताई, नाही पटलं. ईबर्ड सुरू झालं २००२ ला, जगभर खुलं झालं २०१० मध्ये, म्हणजे आपल्याकडच्या त्याआधीच्या बहुतेक नोंदी कुणाकुणाच्या वह्यांतच अडकल्यात. २०२३ च्या 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' अहवालात ९४२ जाती घेतल्या पण लांब पल्ल्याचा कल काढता आला फक्त ३३८ जातींचा, आणि त्यातल्या ६० टक्के घटल्यात, दसऱ्याला बघायचा आपला चास पण त्यातच. अशा वेळी १९९८ ची वही माळ्यावर ठेवायची म्हणजे मला तर जिवावर येतं.

रानपिंगळा: पण जुनी वही म्हणजे खरी नोंद असं कुणी सांगितलं? माझ्या वहीत पानोपानी नुसतं 'वटवट्या' लिहिलंय, कुठला ते आता देवाला ठाऊक. आठवणीतून आकडे भरले तर चुकीचा डेटा कायमचा बसतो, त्यापेक्षा नसलेला बरा.

घाटवाट: आठवणीतून भरायचंच नाही ना. वेळ-अंतर लिहिलेलं नसेल तर ईबर्डवर नोंदीचा प्रकार हिस्टॉरिकल निवडायचा, आकडा नसेल तिथे एक्स टाकायचा, 'दिसलेल्या सगळ्या जाती नोंदवल्या का' ला नाही म्हणायचं. वटवट्या सोडून द्या, चक्रवाकात कोण चुकतंय?

पाणकाठ: तिसरी डायरी उघडली आत्ता. शिसपेन्सिलीनं लिहिलंय, 'स. ७.१०, बंधारा, चक्रवाक १४, थापट्या ४०, धुकं, काच सारखी पुसावी लागतेय.' परवा त्याच बंधाऱ्यावर जलपर्णी होती आणि थापट्या बदकं मोजून ६. हे पान मला नुसतं ठेववत नाही, भरतोच. रविवारी बरोबर ७.१० ला तिथेच उभा राहणार.

माळटिटवी: मग शनिवारी रात्री डायरी उघडू नका, लवकर झोपा. आणि कान उघडे ठेवून जा, मी अजून माझ्या मतावर आहे.