बायका सुटल्या, असं नाही हो
काही जण म्हणतात की सिगारेटीमुळे डोकं मंदावतं ते फक्त पुरुषांचं. हे बहुधा लंडनच्या सरकारी नोकरांवरच्या 'व्हाइटहॉल २' पाहणीवरून आलं असावं. २०१२ साली निष्कर्ष छापून आले: ५,०९९ पुरुष, २,१३७ बायका. ओढणाऱ्या पुरुषांची एकूण बौद्धिक क्षमता न ओढणाऱ्यांपेक्षा वेगाने घसरली, बायकांत तसा फरक दिसला नाही. पण त्यात बायका निम्म्याहूनही कमी, आणि पुरुषांइतकं ओढणाऱ्याही नव्हत्या. त्यावरून 'बायकांना काही होत नाही' म्हणणं म्हणजे फारच झालं. हृदयाच्या बाबतीत तर उलटंच आहे. २०११ च्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातल्या लेखानुसार धूम्रपानाने हृदयविकाराचा सापेक्ष धोका (म्हणजे न ओढणाऱ्यांच्या तुलनेतला) बायकांत पुरुषांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त असतो.

आमचे बाबा नागपूरच्या धरमपेठेतले, चाळीस वर्षं ओढली. अँजिओप्लास्टी झाली त्याच्या वर्षभर आधीपासून बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) स्कूटर कुठे लावली ते विसरायचे, आम्ही वयावर ढकललं. डॉक्टरांनी एका वाक्यात सांगितलं: हृदयाच्या नळ्या चोंदतात तशाच मेंदूतल्या बारीक नळ्याही खराब होतात. त्या 'व्हाइटहॉल २' पाहणीत, सिगारेट सोडून दहा वर्षं उलटलेल्या पुरुषांत ती जादा घसरण दिसली नव्हती. तेवढं ऐकून बाबांनी सिगारेट सोडली.

आणि खर्रा (तंबाखू-सुपारी-चुन्याचं चघळायचं मिश्रण) धरला! आपल्या नागपूरचा उपाय. धूर नाही, पण तंबाखू तीच, निकोटीनने रक्तदाब चढतोच. चष्मा रोज हरवतो, खर्ऱ्याची पन्नी कोणत्या खिशात आहे ते मात्र बरोबर आठवतं.