खुर्ची खोटी निघाली म्हणून कोणी जीव घेतं का?

चष्मेबद्दूर
परवा निवांतनानांनी एका इंग्रजी रहस्यकादंबरीवर लिहिलं आणि माझं डोकं फिरलं. नाव देत नाही, शेवट फुटेल, वाचलेल्यांना कळेलच. नायक अँटिकवाला, एका बड्या घराण्यातलं अठराव्या शतकातलं फर्निचर बनावट असल्याचा त्याला वास येतो, मग एक मुडदा पडतो. नानांच्या तक्रारी अशा की लेखकाने पानंच्या पानं ड्रॉवर उघडण्यात घालवलीत, खुर्चीपायी कोणी खून करत नाही, आणि हात फिरवून खरं-खोटं ओळखणं ही शुद्ध भोंदूगिरी.

नाना, फ्रान्समधल्या व्हर्साय राजवाड्याचं प्रकरण तुमच्या कानावर आलेलं दिसत नाही. बिल पालो हा अठराव्या शतकातल्या फ्रेंच खुर्च्यांवरचा जगातला मोठा तज्ज्ञ, पॅरिसच्या सोरबॉन विद्यापीठात शिकवायचा, १९८७ साली त्याने त्याच विषयावर जाडजूड ग्रंथ लिहिला. तो आणि ब्रुनो देनू नावाचा कारागीर, जो खुद्द व्हर्सायसाठी फर्निचर दुरुस्त करायचा, या दोघांनी मिळून मादाम द्यू बारी (पंधराव्या लुई राजाची प्रेयसी) आणि राणी मारी आंत्वानेतच्या नावावर खुर्च्या तयार केल्या. लिलावातून जुने सांगाडे स्वस्तात उचलायचे, लाकूड म्हातारं करायचं, वर जुन्या कारागिरांचे शिक्के मारायचे. राजवाड्याने त्यातल्या काही विकत घेतल्या. एका जोडीला तर २०१३ साली राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा मिळाला आणि नंतर ती कतारच्या एका राजपुत्राला २० लाख युरोंना गेली. आता सांगा, एवढ्या पैशासाठी कादंबरीत एक मुडदा पडला तर काय बिघडलं?

निवांतनाना
किती तो त्रागा. तुमच्या या प्रकरणात मुडदा कुठाय? कोणी कोणाला साधं ढकललंसुद्धा नाही. म्हणजे माझाच मुद्दा तुम्ही सिद्ध केलात, धन्यवाद. फसवणुकीची गोष्ट लिहायची तर फसवणुकीची लिहा ना, मध्येच लायब्ररीत प्रेत कशाला टाकता. प्रेताशिवाय खपत नाही म्हणून!

शिसवी
भोंदूगिरीवर बोलते. त्याच प्रकरणात शार्ल ऊरमान नावाचा डीलर आहे, पालोचाच जुना विद्यार्थी. त्याला खुर्चीवरचा रंग खटकला आणि त्याने चक्क जीभ लावून बघितलं तर ज्येष्ठमधाची चव! नवं लाकूड जुनं दिसावं म्हणून देनू रंगासाठी ज्येष्ठमध वापरायचा. कादंबरीत कोणी खुर्ची चाटली असती तर नानांनी पुस्तकच भिरकावलं असतं.

आणि हात फिरवून कळतं हो. माझे वडील आयुष्यभर पॉलिशचं काम करायचे. ड्रॉवर बाहेर काढून खालून बोटं फिरवायचे, हाताच्या रंध्याची फळी किंचित लाटेसारखी लागते, मशीनची सपाट. नंतर आलेल्या गोल चक्राच्या करवतीचे व्रण अर्धगोल येतात, हाताच्या करवतीचे सरळ, तेव्हा सतराशे अमुकच्या कपाटावर अर्धगोल व्रण दिसले की विषय संपला. टोकदार स्क्रूसुद्धा १८४० च्या दशकानंतरचे. किडीचं तर फारच भारी आहे, किडा बाहेर पडतो तिथे फक्त बारीक गोल भोक दिसतं, नळ्या सगळ्या आत राहतात, आणि वरच्या अंगाला जर लांबट अर्धी नळी उघडी पडलेली दिसली तर समजायचं की कीड लागलेलं जुनं लाकूड नंतर कोणीतरी कापलंय. कादंबरीतलं ड्रॉवरचं प्रकरण मला म्हणून सगळ्यात आवडलं.

निवांतनाना
शिसवीताई, ऊरमानने चाटलं, बोंबलला, राजवाड्याला कळवलंसुद्धा, पुढे काय झालं? कोणी ढुंकून बघितलं नाही. प्रकरण उघड झालं ते पैशावरून. महिना अडीच हजार युरोच्या आसपास कमाई असलेल्या एका माणसाच्या हातून लाखो युरो फिरताना दिसले, पोलीस मनी लॉन्डरिंगचा तपास करत होते, त्यातून खुर्च्या बाहेर पडल्या. म्हणजे जीभ हरली आणि बँकेचं स्टेटमेंट जिंकलं. आहे का त्या कादंबरीत एखादा अकाउंटंट?

चष्मेबद्दूर
बरं बाबा, पैशाचं खरंय. पण राजवाड्याने ऐकलं नाही हा ऊरमानचा दोष कसा? ज्याला विचारायचं तो सगळ्यात मोठा तज्ज्ञच बनवणारा होता! कोर्टात म्हणाला की मी डोकं आणि देनू हात. २०२५ मध्ये दोघं दोषी ठरले, ज्या गॅलरीतून माल गेला ती सुटली. रहस्यकथा यापेक्षा वेगळी काय असते?

मटणगल्ली
तुमचं फ्रान्स चालू द्या, इथलं बोलू का? मुंबईच्या चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवरून मी एक 'ब्रिटिशकालीन' लिहायचं टेबल घेतलं. दुकानदार म्हणाला कुठल्यातरी कलेक्टरच्या बंगल्यातलं आहे, शपथा काय घेतल्या, चहा काय पाजला. घरी आणून ड्रॉवर उलटा केला तर आत आजकालचे प्लसचे स्क्रू. बायको अजून पाहुण्यांना 'कलेक्टरसाहेबांचं टेबल' म्हणून दाखवते. त्यामुळे मला ती कादंबरी पटली, फक्त आमच्याकडे मुडदा माझा पडला.

पेठेतली_सून
चोरबाजारावर ढकलू नका सगळं. पुण्यात वाडे पाडले तेव्हा सागवानी दरवाजे, खांब, तुळया, महिरपी भंगाराच्या भावाने गेल्या. आमच्या मामेसासऱ्यांच्या वाड्याचा दिंडी दरवाजा असाच एका डीलरने नेला आणि काही वर्षांनी एका फार्महाऊसवर त्याचं कॉफी टेबल झालेलं दिसलं, काच लावून! यजमान सांगत होते, 'राजस्थानी हवेलीचा आहे.' मी गप्प बसून पोहे खाल्ले. ही बनावट नाही तर काय?

शिसवी
नाही, ही बनावट नाही. दरवाजा खराच आहे, पत्ता खोटा आहे.

पेठेतली_सून
पत्ता खोटा म्हणजेच बनावट! पालोनेसुद्धा जुनेच सांगाडे घेतले होते ना? मग त्याला शिक्षा आणि आमचा दरवाजावाला 'हेरिटेज कन्सल्टंट'?

मुक्काम_डोंबिवली
ताई, राग मानू नका, पण दरवाजा विकला कोणी? डीलर रात्री येऊन उखडून घेऊन गेला नव्हता. वाडा बिल्डरला देताना फ्लॅट किती मिळणार हे सगळ्यांनी भांडून मोजलं, दरवाजा कोणी मोजला नाही. आता कॉफी टेबल बघून उमाळे.

पेठेतली_सून
तुम्हाला वाड्यात राहायचं काय असतं ते माहितीये का? एका संडासाला अख्खा वाडा, पावसाळ्यात गळणारी कौलं, जुन्या भाडेकरूंचं वर्षानुवर्षं तेच तुटपुंजं भाडं. त्या पैशात तुळई बदलून दाखवा मग बोला. डोंबिवलीत बसून वारसा जपणं सोपं आहे.

मुक्काम_डोंबिवली
डोंबिवली मध्ये आणायचं काम नाही.

टवाळ
डोंबिवली तुम्हीच नावात आणलीय 😀

चंदिगढी_मराठी
दरवाजाचं सोडा, चंदिगढच्या खुर्च्या घ्या. पिएर जानेरे या आर्किटेक्टने सरकारी ऑफिसांसाठी केलेल्या, साग आणि वेत. बाबूंनी मोडक्या म्हणून लिलावात काढल्या आणि परदेशात त्याच लाखोंना विकल्या गेल्या. २०११ मध्ये गृहमंत्रालयाने विक्री रोखायचा आदेश काढला, पण १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात बसायला वस्तू शंभर वर्षं जुनी लागते आणि या खुर्च्या १९५०-६० च्या. भाव चढल्यावर नकलाही आल्या. मी तिथे नोकरी केलीय, ऑफिसात आमच्या बुडाखाली कुठली होती देव जाणे.

निवांतनाना
विषय कादंबरी होता.

शिसवी
तो तुम्हीच दोन ओळीत निकालात काढला होतात की.

निवांतनाना
काढलाच. बरं, ड्रॉवरचं प्रकरण मी परत वाचलं. अर्धगोल व्रणांचं लेखकाने अगोदरच पेरलंय, माझ्या नजरेतून सुटलं म्हणा किंवा झोप लागली म्हणा. तेवढं चांगलंय. प्रेत तरीही फालतू. आणि दोनशे वर्षांचं गोल टेबल टेपने मोजल्यावर गोल भरत नाही, असं जे लिहिलंय ते मला लेखकाच्या पुड्या वाटतात.

शिसवी
पुड्या नाहीत. लाकूड रेषांना आडवं आकसतं, लांबीत जवळजवळ नाही, म्हणून गोल टेबल थोडं लांबट होतं. जुनं म्हणून विकलेलं टेबल चहूबाजूंनी अगदी नेमकं गोल भरलं तर उलट संशय घ्यायचा.

मटणगल्ली
माझं चौकोनी आहे, त्याला काय बघू?

शिसवी
प्लसचे स्क्रू सापडल्यावर अजून काय बघायचंय? बरं, स्क्रू नंतर कोणी दुरुस्तीतही घातले असतील. ड्रॉवरच्या तळाची फळी बघा. प्लायवूड असेल तर कलेक्टरसाहेबांना सुट्टी द्या. सलग फळी असेल तर खालच्या बाजूचा फोटो टाका, उजेड तिरका घ्या, म्हणजे रंध्याच्या खुणा दिसतील.

मटणगल्ली
बायको झोपली की काढतो.