मदत हवी आहे: १५ वर्षं होत आलेली वॅगनआर सीएनजी घेऊ का? री-पासिंगला कितपत साथ देते?

मुलुंडकरीण

नमस्कार मंडळी, सेकंड हँड गाडीबद्दल विचारायचंय, जरा लांबणार आहे पण वाचा प्लीज. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यांना परळला दाखवायला न्यायचं-आणायचं आणि गणपती-शिमग्याला गावी जायचं, चिपळूणच्या थोडं पुढे, एवढ्याच कामाला गाडी हवीय. ऑफिसला मी ट्रेननेच जाणार, ईस्टर्न एक्सप्रेसवर रोज फर्स्ट-सेकंड करत बसायची माझी तयारी नाही. बजेट दीडच्या आत.

घाटकोपरला एकांकडे वॅगनआर एलएक्सआय सीएनजी आहे, २०११ची, एमएच ०३, ते दुसरे मालक, सीएनजी कंपनी फिटेड आहे म्हणतात. चालवून बघितली, एसी बरा आहे, क्लच जरा वर लागतो, बाकी मला कळण्यासारखं काही वाईट दिसलं नाही. मेन प्रॉब्लेम हा की आरसी (नोंदणी) येत्या डिसेंबरात संपतेय, म्हणजे १५ वर्षं पूर्ण, आरटीओत गाडी दाखवून परत पासिंग करावं लागणार. मालक म्हणतात "काय टेन्शन घेऊ नका मॅडम, आपला एजंट आहे, गाडी न नेता पासिंग होऊन जाईल", आणि हे ऐकल्यावरच मला टेन्शन आलं.

तर हे मॉडेल पासिंगला सरळ निघतं का, आणि १५ वर्षांनंतर दरवर्षी न्यावी लागते का? २०१२ची एक आय-टेन पण बघून ठेवलीय, तिला सीएनजी बाहेरून बसवलाय, पण वर्षभराने तरुण आहे, ती बरी का? आणि भाऊ सारखं म्हणतोय की दिल्लीसारख्या मुंबईतपण जुन्या गाड्या बंद होणार, कशाला पैसे घालतेस. हे कितपत खरंय?

माजी_कालीपिली

ताई, आधी दरवर्षीची भीती काढून टाका. दरवर्षी पासिंग आम्हा टॅक्सीवाल्यांना. पिवळ्या पाटीच्या गाडीला पहिली ८ वर्षं दोन-दोन वर्षांनी फिटनेस आणि त्यानंतर दरवर्षी. तुमची पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी, तिला १५ वर्षांनी एकदा दाखवायची, पास झाली की ५ वर्षांची मुदत मिळते, मग विसाव्या वर्षी परत. फी मात्र आता पहिल्यासारखी नाही, १ एप्रिल २०२२ पासून कारची रिन्यूअल फी ६०० वरून एकदम ५००० झाली, आणि २० वर्षांपुढच्या गाडीची २०२५ मध्ये १०,००० केली. म्हणजे ही वॅगनआर तुम्ही २०३१ पर्यंत वापरायची असाच हिशेब धरा, त्यापुढे ठेवणं परवडत नाही. वर पर्यावरण कर असतो, तो परिवहनच्या साइटवर गाडीचा नंबर टाकलात की किती ते येतं, एजंटने तोंडी सांगितलेल्या आकड्यावर जाऊ नका.

दिल्लीचं म्हणाल तर १० वर्षं डिझेल, १५ वर्षं पेट्रोल ही भानगड तिकडे एनसीआरमध्ये कोर्टाच्या आदेशाने आली, मुंबईला तो आदेश नाही. आपल्याकडे जानेवारी २०२५ मध्ये हायकोर्टाने प्रदूषणावरून सरकारला झापलं आणि पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने कमी करता येतील का ते बघायला समिती नेमली गेली. भाऊने तेच कुठेतरी वाचलं असेल. वयाची मर्यादा इथे टॅक्सीला आहे, २० वर्षं. शेवटची प्रीमियर पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेवला पासिंग झाली होती, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी रस्त्यावरून गेली. त्या दिवशी फोटो काढायला जेवढी माणसं आली तेवढी आयुष्यात कधी भाडं म्हणून बसली नसतील, असो, विषय वेगळा आहे.

कशाला_गाडी

मुलुंडला पार्किंग आहे का? नसेल तर प्रश्नच मिटला. परळला कॅब करा, गावाला एसटी. दीड लाखात किती वर्षं कॅब होईल हिशेब करा.

मुलुंडकरीण

सोसायटीत पार्किंग आहे हो, मोकळंच पडलंय. आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला गणपतीच्या गर्दीत एसटीत चढवून बघा एकदा, मग बोलू.

साकीनाका_गॅरेज

मॉडेलचं विचारलंत म्हणून सांगतो. वॅगनआर, आय-टेन, अल्टो, सँट्रो, यातली कुठलीच गाडी मॉडेलमुळे पासिंगला अडकत नाही. पार्ट कुर्ल्यात ढीगभर मिळतात, लाइट फुटली, आरसा तुटला, लोअर आर्म वाजतोय, संध्याकाळपर्यंत करून मिळतं. अडकते ती तीन गोष्टींनी: पत्रा, सिलेंडर आणि कागद.

पत्र्याचं आधी. मुंबईची हवा खारट, त्यात चार महिने पाऊस आणि वर कोकणात चिखलातून जाऊन आलेली गाडी, पंधरा वर्षांत खालून काय होतं ते वरून कळत नाही. पेंट मारून चकाचक करतात आणि खाली दाराखालचा पत्रा बोटाने दाबला तर आत जातो. गाडी लिफ्टवर चढवल्याशिवाय टोकनचा एक रुपया देऊ नका. लिफ्टवर असताना फ्लोअर, सस्पेन्शन जिथे बॉडीला बसतं ती जागा, ब्रेकच्या पाइपलाइन आणि मागे सिलेंडर ज्या स्टँडवर बसवलाय त्याचे बोल्ट बघायला सांगा. आणि चेसिस नंबर! इन्स्पेक्टर पहिला तोच बघतो, कागदावर पेन्सिलने त्याची छाप घेतात. नंबर गंजून अक्षर खाल्लं असेल किंवा तिथे वेल्डिंग झालेलं दिसलं तर बाकी गाडी सोन्याची असली तरी तुमचे हेलपाटे सुरू.

सिलेंडरला दर ३ वर्षांनी हायड्रो टेस्ट लागते. सिलेंडर काढून पाण्याने प्रेशर देऊन तपासतात, ते पण पेसो, म्हणजे केंद्राचं पेट्रोलियम-स्फोटकं सुरक्षा खातं, त्याची मान्यता असलेल्या सेंटरलाच (पेसोचं हेड ऑफिस आपल्या नागपुरात आहे बरं का). सिलेंडरच्या मानेजवळ नंबर आणि तारखा ठोकलेल्या असतात, टॉर्च मारून फोटो काढा आणि सर्टिफिकेटवरच्या नंबराशी जुळवा. कंपनी फिटेड असणं शक्य आहे, मारुतीने ऑगस्ट २०१० मध्ये वॅगनआर, अल्टो, ईको वगैरेला कंपनीतून सीएनजी द्यायला सुरुवात केली. आय-टेनला त्या काळात कंपनीचा सीएनजी नव्हता, म्हणून तिथे बाहेरचं किट आरसीवर चढवलंय का आणि इन्शुरन्समध्ये लिहिलंय का हे दोन्ही बघावं लागेल. किट चढवलेलं नसेल तर वर्षभराने तरुण असून काय उपयोग.

बोरिवली_बाबा

आमच्या आय-टेनचं १५ वर्षांचं पासिंग झालं, पेट्रोल गाडी. स्वतः गेलो, एजंट नाही. इन्स्पेक्टरने हेडलाइट, इंडिकेटर, ब्रेक लाइट, वायपर, हॉर्न, हँडब्रेक, सीटबेल्ट सगळं करून दाखवायला लावलं. काचेवर फिकट फिल्म होती, ती काढून परत या म्हणाले. २०१२ ला सुप्रीम कोर्टाने फिल्म बंद केली होती, कितीही फिकट असली तरी. बाजूच्या लाइनीतली एक गाडी मागची नंबर प्लेटवरची लाइट लागत नाही म्हणून थांबवली होती, चाळीस रुपयांचा बल्ब असेल. टायरवर खाचेत बारीक उंचवटे असतात, तिथपर्यंत रबर घासलं म्हणजे १.६ मिमी राहिलं, तो टायर गेला. आणि एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट लावून घ्या, २०१९ च्या आधीच्या गाड्यांना ती नसली तर आरटीओत काम पुढे सरकत नाही, कारला ७४५ अधिक जीएसटी.

लंडनहून_परत

एक अवांतर. ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी टेस्ट असते आणि त्याचे निकाल सरकार सगळ्यांना बघायला खुले ठेवतं, त्यामुळे नंबर टाकला की ती गाडी कधी पास झाली, कधी नापास झाली, कशामुळे झाली सगळं दिसतं, लोक मॉडेलप्रमाणे टक्केवारी काढत बसतात. इथे सरकारच्या वाहन पोर्टलवर "फिटनेस अपटू" एवढी एक तारीख. म्हणून साकीनाकावाल्यांसारखी माणसं शोधावी लागतात.

मुलुंडकरीण

अपडेट देते. काल परत बघून आले, ओळखीच्या मेकॅनिकला घेऊन गेले होते. पत्रा बरा निघाला, उजव्या मागच्या चाकाच्या वर थोडा गंज आहे, चेसिस नंबर स्वच्छ वाचता येतो. एमपरिवहनवर इंधन पेट्रोल/सीएनजीच दिसतंय.

पण सिलेंडरची टेस्ट गेल्या वर्षीच संपलीय. मालक म्हणे "पंपावर ओळख आहे, गॅस भरून मिळतो", मग गाडी सुरू केली तर पेट्रोलवर सुरू होऊन पेट्रोलवरच राहिली, गॅसचा काटा शून्यावर. म्हणजे गेले काही महिने ती पेट्रोलवरच चालतेय बहुतेक. आणि आरसीवर अजून बँकेचा बोजा दिसतोय! लोन पहिल्या मालकाचं होतं, ते कधीच फिटलं असं हे म्हणतात. शिवाय पीयूसी नाही. किंमत १ लाख ३५ सांगतायत, गणपतीच्या आधी काढायचीय म्हणून घाई. काय करू?

साकीनाका_गॅरेज

बोजा उतरवल्याशिवाय नाव बदलणार नाही. बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आणि बँकेचं एनओसी हे आणणं मालकाचं काम आहे, तुमचं नाही. बँक मध्ये दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर त्याला महिना पण लागू शकतो. लोन खरंच फिटलंय हे तोंडी मान्य करू नका.

पीयूसी तुमच्यासमोर काढायला लावा, आणि गॅस भरून दोन्ही इंधनांवर. बीएस फोर (धुराचे सरकारी नियम) गाडी आहे ना, मुंबईत एप्रिल २०१० पासून तेच, तिला आयडलला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.३ टक्क्याच्या आत आणि एचसी (न जळलेलं इंधन) २०० पीपीएमच्या आत लागतं. जुन्या बीएस थ्रीला एचसी ७५० पर्यंत चालायचं, त्यामुळे तेव्हाच्या गाड्या मिसफायर मारत पण पास व्हायच्या, हिची नाही होणार. एचसी जास्त आला तर बहुतेक प्लग, कॉइल, एअर फिल्टर, स्वस्तात सुटतं. सीओ खाली येतच नसेल तर सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागेवर आहे का बघा, आत प्लॅटिनम-पॅलेडियम असतं म्हणून काही महाभाग तो काढून विकतात आणि सरळ पाइप जोडून देतात. नवीन टाकायला गेलात तर तुमचं बजेट बोंबललं.

माजी_कालीपिली

ताई घाई त्यांना आहे, तुम्हाला नाही. गणपतीच्या आधी जुन्या गाड्यांचे भाव असेच चढतात, विसर्जनानंतर तीच गाडी तोच माणूस कमीत देतो. रिन्यूअलचा अर्ज मुदत संपायच्या ६० दिवस आधीपासून घेतात, म्हणजे ऑक्टोबरात खिडकी उघडेल. मालकाला सरळ सांगा, "बोजा उतरवा, हायड्रो करा, पासिंग तुमच्या नावावर असतानाच करून द्या, मी पूर्ण पैसे देते, वरचे फीचे पाच हजार पण देते हवं तर." गाडी आधीच स्वतःच्या नावावर करून घेतलीत आणि मग पासिंगला काही निघालं तर तो एजंट फोन उचलणार नाही. आणि डिसेंबर उलटला तर महिन्याला ५०० दंड चढतो, शिवाय आरसीच संपलेली म्हटल्यावर इन्शुरन्सवाले क्लेमच्या वेळी हात वर करायला मोकळे. गाडी न नेता पासिंग करून देतो म्हणणाऱ्यापासून तर लांबच राहा.

बोरिवली_बाबा

+१. आणि ई-चलान बघून घ्या, नंबर टाकला की दिसतात. आधीच्या मालकाचे सिग्नल तोडलेले तुम्ही कशाला भरायचे.

मुलुंडकरीण

बोलले त्यांच्याशी. आधी चिडले, म्हणाले अशा अटी घालणारं गिऱ्हाईक पहिल्यांदा बघितलं. मग रात्री मेसेज आला की बँकेचं एनओसी मिळालंय आणि हायड्रो पुढच्या आठवड्यात करतो, पण पासिंगचा खर्च तुम्ही द्यायचा आणि किंमत १ लाख २५च्या खाली नाही. मी म्हटलं चालेल, पण पैसे पासिंग झाल्यावर, आत्ता फक्त पाच हजार टोकन आणि ते लेखी. विचार करून कळवतो म्हणाले. गणपतीला भाड्याचीच गाडी करावी लागणार असं दिसतंय. हायड्रोचं सर्टिफिकेट खरं का खोटं कसं ओळखायचं तेवढं सांगा कोणीतरी.

साकीनाका_गॅरेज

झेरॉक्स किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो नको, ओरिजिनल मागा. त्यावर सिलेंडरचा नंबर, टेस्टची तारीख आणि सेंटरचा मान्यता नंबर असतो. मग सेंटरला फोन करून सिलेंडर नंबर सांगा, त्यांच्या रजिस्टरला नोंद असते. टेस्ट झालेल्या सिलेंडरवर नवीन तारीख ठोकलेली दिसली पाहिजे, ती नसेल तर सिलेंडर गाडीतून निघालाच नाही असं समजा.