मदत हवी आहे: पहिला 'स्प्लिंटर सेल' नव्या लॅपटॉपवर, सावल्याच पडत नाहीत

रामबागकर

लॅपटॉप: इंटेलचे अंगभूत ग्राफिक्स आणि सोबत एनव्हिडियाचे वेगळे कार्ड, विंडोज ११, स्क्रीन १९२० बाय १०८०. गेम: पहिला 'स्प्लिंटर सेल' (अंधारात लपत चालणाऱ्या सॅम या हेराचा खेळ; एक्सबॉक्सवर २००२, पीसीवर २००३), गॉग या ऑनलाइन दुकानातून घेतलेला.

गेम सुरू होतो, आवाज येतो, सेव्हही होतो. भानगड फक्त सावल्यांची आहे. पहिल्याच तिबिलिसीच्या मिशनमध्ये कुंपणाच्या जाळीमागे उभं राहिलं की सॅमच्या पाठीवर जाळीची नक्षी पडायला हवी. इथे तो सपाट राखाडी दिसतो. वाऱ्याने हलणाऱ्या पडद्याची सावली भिंतीवर नाही. स्क्रीनवर काळोख दिसतो तिथे उजेडाच्या पट्टीवरची (सॅम किती उजेडात आहे ते दाखवणारी) खूण मध्यावर येऊन बसते आणि पोलीस सरळ गोळी घालतो.

आतापर्यंत केलेले उपाय:
– एक्सपी कंपॅटिबिलिटी मोड (गेमला जुनं विंडोज एक्सपी भासवणं). काही फरक नाही.
– कुठल्याशा जुन्या सल्ल्यावरून 'स्प्लिंटरसेल.आयएनआय' या सेटिंग्जच्या फाइलमध्ये 'फोर्सशॅडोमोड' १ केला. मग परत ० केला. दोन्हीत चित्र तेच.
– डीजीव्हूडू २ (जुन्या गेमचं चित्र नव्या कार्डावर चालवून देणारा प्रोग्राम) उतरवून त्यातली 'डी३डी८.डीएलएल' ही फाइल गेमच्या फोल्डरमध्ये टाकली. काही फरक नाही.

ग्राफिक्स 'सुधारायचे' नाहीत, त्या काळी जसे दिसायचे तसे हवे आहेत. कुणी केलं असेल तर क्रमाने सांगा.

लोकमान्यनगर_४२

आधी तीन प्रश्न. डीएलएल कोणत्या सबफोल्डरमधून उचललीत, एक्स८६ की एक्स६४? नेमकी कुठे टाकलीत? आणि गेम चालू असताना स्क्रीनच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात डीजीव्हूडूचा लोगो दिसतो का? लोगो नसेल तर ती डीएलएल लोडच झालेली नाही, पुढचं सगळं बोलणं फुकट.

उत्तर येईपर्यंत 'फोर्सशॅडोमोड'बद्दल, कारण तो जुना सल्ला अर्धवट आहे. या गेममध्ये सावल्या पाडायच्या दोन पद्धती आहेत. एक प्रोजेक्टर: पात्राची काळी आकृती तयार करून ती प्रोजेक्टरसारखी भिंतीवर मारायची. ही कुठल्याही कार्डावर चालते, पण मोजक्याच वस्तूंची सावली पडते. दुसरी शॅडो बफर: दिव्याच्या जागेवरून दृश्य पाहून प्रत्येक बिंदूचं अंतर नोंदवायचं आणि मग चित्र काढताना ताडून पाहायचं की हा बिंदू दिव्याला दिसतो की मध्ये काही आड येतं. हे ताडण्याचं काम तेव्हा एनव्हिडियाची जीफोर्स ३ आणि जीफोर्स ४ टीआय ही कार्डं हार्डवेअरमध्येच करायची. जाळीची नक्षी, पडद्याची हलती सावली, हे सगळं बफरवालं. मूळ एक्सबॉक्सच्या आत जीफोर्स ३ च्याच घराण्यातली चिप होती, त्यामुळे तिथला गेम असाच दिसायचा.

'फोर्सशॅडोमोड=१' म्हणजे प्रोजेक्टरची सक्ती. त्या काळी वेगवेगळ्या कार्डांची तुलना करणारे लोक ते मुद्दाम करायचे, म्हणजे सगळी कार्डं एकाच पातळीवर येतात. तुम्हाला नेमकं उलटं हवं आहे.

रामबागकर

एक्स६४ मधली उचलली. विंडोज ६४ बिट आहे म्हणून. टाकली गेमच्या मुख्य फोल्डरमध्ये. लोगो दिसत नाही.

लोकमान्यनगर_४२

दोन्ही चुकलं, पण सोपं आहे. विंडोज किती बिटचं आहे याला महत्त्व नाही. गेमची ईएक्सई (गेम सुरू करणारी फाइल) ३२ बिट आहे, तिला ३२ बिटचीच डीएलएल लागते. आणि ईएक्सई मुख्य फोल्डरमध्ये नसून 'सिस्टम' नावाच्या सबफोल्डरमध्ये आहे. विंडोज डीएलएल आधी ईएक्सईच्या शेजारी शोधतं.

१. मुख्य फोल्डरमध्ये टाकलेली डीएलएल काढून टाका.
२. डीजीव्हूडूच्या झिपमध्ये 'एमएस' फोल्डर, त्यात 'एक्स८६'. तिथली फक्त 'डी३डी८.डीएलएल' घ्या. डी३डी९, डीड्रॉ वगैरे नकोत, हा डायरेक्टएक्स ८ चा गेम आहे.
३. ती आणि 'डीजीव्हूडूसीपीएल.ईएक्सई' दोन्ही 'सिस्टम'मध्ये, 'स्प्लिंटरसेल.ईएक्सई'च्या शेजारी.
४. ती सीपीएल (डीजीव्हूडूची सेटिंग्जची खिडकी) तिथूनच उघडा. वर फोल्डरचा पत्ता दिसतो, तो 'सिस्टम'चाच आहे ना ते पाहा. नसेल तर शेजारचं टिंब आणि तिरकी रेघ असलेलं बटण दाबा. पुष्कळांची सेटिंग्ज इथेच दुसऱ्या फोल्डरात सेव्ह होतात आणि मग लोक म्हणतात डीजीव्हूडू चालत नाही.
५. 'जनरल' टॅब: आउटपुट डायरेक्ट३डी ११. ॲडॅप्टरमध्ये एनव्हिडियाचं कार्ड निवडा. स्केलिंगला 'स्ट्रेच्ड, कीप आस्पेक्ट रेशो'.
६. 'डायरेक्टएक्स' टॅब: व्हिडिओ कार्ड 'जीफोर्स४ टीआय ४८००'. सगळ्यात महत्त्वाची ओळ हीच. गेम कार्डाची ओळख विचारतो आणि त्यावरून पद्धत ठरवतो. मेमरी १२८ एमबी पुरे.
७. त्याच टॅबवर अँटिअलायसिंग (कडा गुळगुळीत करणं) 'ॲप ड्रिव्हन'. चुकूनही ४एक्स-८एक्स करू नका. या गेमचं अँटिअलायसिंगशी पहिल्या दिवसापासून वाकडं आहे.
८. व्हीसिंक (फ्रेमचा वेग स्क्रीनच्या वेगाला बांधणं) सक्तीचा करा. ६० फ्रेम पुरतात. मे महिन्यात इंदूरला वरच्या मजल्यावर बसून वीस वर्षं जुना गेम ३०० फ्रेमवर पळवाल तर पंख्याच्या आवाजात पहारेकऱ्याची पावलं ऐकू यायची नाहीत.
९. वॉटरमार्कची (म्हणजे कोपऱ्यातल्या लोगोची) टिक आत्ता राहू द्या. सगळं जमलं की काढा.

एक्सपी कंपॅटिबिलिटीही काढून टाका. तिची गरज नाही, उगाच एक जास्तीचा घोळ.

रामबागकर

लोगो आला! चित्राचा आकारही नीट, बाजूला काळ्या पट्ट्या. पण सावल्या तशाच सपाट. 'फोर्सशॅडोमोड' आत्ता उघडून पाहिला, ० च आहे. कार्ड टीआय ४८०० निवडलेलं आहे, दोनदा तपासलं.

छत्रीबाग_ध

मध्ये बोलतो. गेम कुठल्या पत्त्यावर आहे? आणि आयएनआय नोटपॅडने सरळ सेव्ह झाली की ॲडमिन म्हणून उघडावी लागली?

रामबागकर

गॉगच्या इन्स्टॉलरने सी ड्राइव्हच्या मुळाशी टाकला होता. नीटनेटकं दिसावं म्हणून मीच पूर्ण फोल्डर 'प्रोग्राम फाइल्स (एक्स८६)'मध्ये हलवला. हो, नोटपॅड ॲडमिन करूनच सेव्ह झालं.

छत्रीबाग_ध

सापडलं. तुम्ही एक आयएनआय बदलताय आणि गेम दुसरीच वाचतोय.

व्हिस्टापासून 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये साध्या परवानगीने लिहिता येत नाही. हा गेम त्याआधीचा, त्याला हा नियम ठाऊक नाही, तो आपला स्वतःच्या फोल्डरमध्ये सेटिंग्ज लिहायला जातो. अशा जुन्या ३२ बिट प्रोग्रामला नकार देण्याऐवजी विंडोज गुपचूप त्या फाइलची प्रत तुमच्या यूजर फोल्डरमध्ये करतं आणि यापुढे त्या प्रोग्रामला तीच दाखवतं. नोटपॅडला मात्र खरी फाइल दिसते. तुम्ही १ केलंत, गेम चालवलात, तेव्हा १ वाली प्रत तयार झाली. नंतर खऱ्या फाइलमध्ये ० केलंत, पण गेम अजून १ वालीच वाचतो आहे. डीजीव्हूडूने कार्ड बरोबर दाखवलं तरी सक्ती प्रोजेक्टरचीच.

ताडून पाहायला: विंडोजची कळ आणि आर, मग टक्क्याच्या दोन खुणांमध्ये 'लोकलॲपडेटा', पुढे तिरकी रेघ आणि 'व्हर्च्युअलस्टोअर'. आत 'प्रोग्राम फाइल्स (एक्स८६)' आणि त्यात तुमच्या गेमचं फोल्डर दिसेल. तिथली आयएनआय उघडा, १ सापडेल.

ती नुसती दुरुस्त करून आजचं काम भागेल, पण मी तसं करणार नाही. गेम परत सी ड्राइव्हच्या मुळाशी हलवा आणि व्हर्च्युअलस्टोअरमधलं गेमचं फोल्डर काढून टाका. मात्र थांबा: सेव्ह केलेले खेळही तिथेच गेले असण्याची दाट शक्यता आहे. आधी सेव्हचं फोल्डर कॉपी करून नव्या जागी ठेवा, मग पुसा.

रामबागकर

१ च होतं!! फोल्डर हलवलं, सेव्ह वाचवले. जाळीची सावली पाठीवर पडते आहे आणि तो चालला की खांद्यावरून सरकते. दोघांचेही शतशः आभार. भुट्ट्याचा कीस माझ्याकडून, सराफ्यात.

आता निर्लज्जपणे पुढचा प्रश्न. उजेड कळायला लागला, तरी पोलीस स्टेशनच्या आधीच दोन अलार्म होतात आणि तिसऱ्याला मिशन संपतं. पुढच्या भागांत अलार्म झाला तरी खेळता यायचं ना? आणि इतकं हळू चाललो तरी ऐकू कसं जातं?

नारायणबागची_ताई

पुढच्या भागांत म्हणजे 'केऑस थिअरी' (२००५). तिथे अलार्म झाला की पहारेकरी जास्त सावध होतात, चिलखत चढवतात, पण खेळ चालू राहतो. आवाजाची वेगळी पट्टीही तिथेच आली. पहिल्या भागात पट्टी फक्त उजेडाची, आवाज कानानेच मोजायचा. बहुतेक मिशन तिसऱ्या अलार्मला संपतात, काहींत एकाचीही मुभा नाही. पुढे सीआयएच्या मुख्यालयात तर माणूस मारायचाच नाही, आपलेच लोक आहेत.

तुम्ही माउस वापरता की टचपॅड? सॅमच्या चालण्याचा वेग माउसच्या चाकावर आहे. चाक खाली फिरवत नेलं की तो टप्प्याटप्प्याने हळू होतो, अगदी खालच्या टप्प्यावर वाकून चाललात तर पाठीमागे पोचेपर्यंत आवाज होत नाही. टचपॅडवर दोन बोटं सरकवली की वेग एकदम टोकाला जातो, तुम्हाला वाटतं हळू चाललोय आणि तो धावत असतो. चाकाला खटके असलेला साधा वायरचा माउस आणा. आरएनटी मार्गावर कुठल्याही दुकानात मिळेल. गुळगुळीत फिरणारं चाक नको, टप्पे मोजता यायला हवेत.

बाकी अलार्म कशाने होतात:

दिवा फोडला की आवाज होतो आणि माणूस बघायला येतो. भिंतीवर बटण असेल तर बटणानेच घालवा. फोडायचाच असेल तर वाकून, निशाणीच्या रेषा जवळ येईपर्यंत थांबून एकच गोळी. चालता चालता झाडलेली पिस्तुलाची गोळी बल्ब सोडून सगळीकडे जाते. काही दिवे फुटतच नाहीत, एक गोळी वाया गेली की नाद सोडा.

बेशुद्ध केलेला माणूस उजेडात टाकून पुढे गेलात की बरंच नंतर, कुणी दिसत नसतानाही, 'देह सापडला' म्हणून अलार्म होतो. तुमचा दुसरा अलार्म बहुधा हाच. खांद्यावर घ्या, पट्टीची खूण डाव्या टोकाला जाईल अशा कोपऱ्यात ठेवा. तुमच्यासाठी जो अंधार तोच देहासाठी.

आणि गामा (चित्राचा उजळपणा) वाढवू नका. काळोख दिसत नाही म्हणून लोक ब्राइटनेस चढवतात, मग उजेड-अंधाराची सीमाच डोळ्यांना कळेनाशी होते. खोलीतला दिवा घालवा, दिसत नाही तिथे सॅमचा नाइट व्हिजन चष्मा.

रामबागकर

टचपॅडच होतं, ताई. माउस उद्या आणतो. शेवटचे दोन: कुलूप उघडताना पिन अडकून बसते, आणि कोडवालं दार कोड न सापडता उघडतं का?

नारायणबागची_ताई

कुलूप: चारही दिशांच्या कळा एकेक करून दाबा. ज्या दिशेला पिन थरथरते ती खरी. मग इतर कळांना हात न लावता तीच पटापट दाबत राहा, पिन वर बसते. तुम्ही बहुधा सगळ्या कळा एकदम चाळवताय, त्याने काही होत नाही.

कोड: पहारेकऱ्याला दार उघडू द्या, तो आत गेला की लगेच कीपॅडजवळ जाऊन थर्मल (उष्णता दाखवणारी दृष्टी) लावा. नुकत्या दाबलेल्या कळा अजून गरम असतात. सगळ्यात फिकी कळ पहिली, सगळ्यात तेजाळलेली शेवटची. काही क्षणांत सगळं निवतं, म्हणून जवळच्या अंधारात आधीच दबा धरून बसायचं.

लोकमान्यनगर_४२

काळ्या पट्ट्या खुपत असतील तर थर्टीनएजी या मॉडरचा वाइडस्क्रीन फिक्स आहे. पण आत्ताची 'सिस्टम' कॉपी करून ठेवा, मगच टाका. त्याच्या झिपमध्ये 'डी३डी८' नावाचीच फाइल निघाली तर आपली तिच्यावर चढवू नका, त्याची एकट्याची चालवून पाहा. एका फोल्डरमध्ये एका नावाची एकच डीएलएल राहते आणि नंतर टाकलेली पहिलीला गिळते. सावल्या पुन्हा सपाट झाल्या तर पहिलं काम कोपऱ्यातला लोगो बघायचं.

रामबागकर

पट्ट्या राहू देत. धाग्याच्या नावात 'सुटले' लिहितो आहे.