नागपूर ते काझा, चार कॅराव्हॅन एकत्र: घाटरस्त्यांबाबत सल्ला हवा

धरमपेठहून, प्रश्न
नमस्कार. आम्ही चार कुटुंबे सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात नागपूरहून हिमाचलमधील स्पितीला चार गाड्या घेऊन निघणार आहोत. तीन गाड्या लहान व्हॅनवर बांधून घेतल्या आहेत आणि चौथी लांब व्हीलबेसच्या टेम्पो ट्रॅव्हलरवर आहे. तिच्यात ओटा, दीडशे लिटरची पाण्याची टाकी आणि सहा जणांची झोपण्याची सोय आहे. ४४ क्रमांकाच्या महामार्गाने दिल्ली ओलांडेपर्यंत चिंता नाही. मात्र मनालीकडून कुंझुम खिंड चढून काझाला उतरावे आणि किन्नौरमार्गे परतावे, की उलट क्रमाने जावे, यावर आमचे एकमत होत नाही. सोबत माझी अडुसष्ट वर्षांची आई आहे. अरुंद रस्त्यावर चार गाड्यांनी एकत्र कसे चालावे, हेही जाणून घ्यायचे आहे.

मनीषनगरहून, उत्तर
आई सोबत आहेत, तेव्हा जाताना किन्नौरचाच रस्ता धरावा. नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटरवर आहे आणि काझा सुमारे ३,८०० मीटरवर. नारकंडा, कल्पा, नाको असे मुक्काम करीत गेल्यास शरीराला विरळ हवेची सवय होण्यास अवधी मिळतो. मनालीकडून मात्र जवळपास २,००० मीटरवरून एका दिवसात ४,५०० मीटरहून उंच खिंडीत पोहोचावे लागते. कल्प्याला दोन रात्री थांबावे आणि कोणालाही डोकेदुखीसोबत मळमळ सुरू झाली, तर त्या दिवशी पुढे चढू नये. निघण्यापूर्वी आईंच्या डॉक्टरांशी याबाबत बोलून घ्यावे.

मोठ्या गाडीबद्दल माझे मत ठाम आहे: ती कुंझुम-बातल बाजूला नेऊ नका, काझाहून आल्या वाटेनेच परत आणा. त्या बाजूला वाटेत नाले थेट रस्त्यावरून वाहतात आणि बर्फ वितळू लागले की दुपारनंतर त्यांचे पाणी वाढते. अशा नाल्यातून वर येताना लांब गाडीचा मागचा भाग दगडांवर टेकतो, आणि नेमका तिथेच आपल्यापैकी अनेकांनी सांडपाण्याची टाकी बसवलेली असते. किन्नौरमध्ये काही ठिकाणी कडा कोरून रस्ता काढलेला असल्यामुळे डोंगर डोक्यावर आलेला असतो. म्हणून टपावरील सोलर पॅनेल आणि एसी धरून गाडीची उंची टेपने मोजा आणि तो आकडा चालकासमोर चिकटवून ठेवा.

खापरीहून, उत्तर
मी वीस वर्षे अवजड गाड्या चालवल्या आहेत, त्यामुळे फक्त ब्रेकबद्दल लिहितो. दोन वर्षांपूर्वी माझ्या स्वतःच्या कॅराव्हॅनने पचमढीहून परतताना तामियाच्या घाटात तिसऱ्या गिअरमध्ये ब्रेक दाबत उतरत होतो. आधी करपल्यासारखा वास आला आणि पुढच्याच वळणावर पेडल मऊ होऊन जवळजवळ तळाला टेकले. दुसरा आणि मग पहिला गिअर टाकत, हँडब्रेक हळूहळू ओढत गाडी डोंगराच्या बाजूला घेतली. मागे पत्नी आणि दोन्ही मुले झोपलेली होती. खाली उतरून पाहिले, तर पुढच्या चाकाजवळ हात नेता येत नव्हता, इतकी धग येत होती. गॅरेजमध्ये मला ब्रेक ऑइल बदलल्याचे सांगितले होते; प्रत्यक्षात बाटलीतले ऑइल चहासारखे काळपट निघाले.

डॉट-४ प्रतीचे नवे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतील ओलावा शोषून घेते आणि ओलावलेले ऑइल १५५ अंशांच्या आसपासही उकळू शकते. उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडलचा जोर चाकापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून चारही गाड्यांचे ऑइल स्वतः उभे राहून बदलून घ्या आणि ज्या गिअरमध्ये चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा. निघण्याआधी एकदा पूर्ण सामानासह तामिया-पचमढी करून या. फक्त नागपंचमीच्या सुमारास नागद्वारच्या यात्रेमुळे त्या रस्त्याला फार गर्दी असते, ते दिवस टाळा.

प्रतापनगरहून, उत्तर
आमच्या गटातील नियम सांगते. चार गाड्या एकमेकींना चिकटून चालल्या की मागच्या बसला पुढे जायला जागाच उरत नाही आणि तिथल्या लोकांचा खोळंबा होतो. म्हणून आम्ही दोन-दोनच्या जोड्या करतो आणि जोड्यांमध्ये दहा मिनिटांचे अंतर ठेवतो. सर्वांत संथ गाडी पुढच्या जोडीत असते, सर्वांत अनुभवी चालक शेवटी. मोबाईलवर भिस्त ठेवता येत नाही, त्यामुळे पुढचे थांबण्याचे गाव सकाळीच ठरते आणि शेवटची गाडी पोहोचल्याशिवाय तिथून कोणीही हलत नाही. अरुंद चढावर उतरणाऱ्या गाडीने थांबून चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची, हे २०१७ च्या वाहनचालन विनियमांतही आहे. पण समोर भरलेला ट्रक असेल आणि आपल्यामागे रुंद जागा असेल, तर हक्क बाजूला ठेवून आपणच मागे घ्यावे. मागे घेताना एकाने खाली उतरून दरीच्या बाजूच्या चाकावर लक्ष ठेवावे.

धरमपेठहून, प्रश्नकर्ता
आपणा सर्वांचे मनापासून आभार. किन्नौरमार्गे जाऊन त्याच वाटेने परतायचे आम्ही काल रात्री नक्की केले, ऑगस्टच्या अखेरीस तामियाची फेरीही करू. एकच शंका राहिली आहे: घाटात पाण्याची टाकी भरलेली ठेवावी की अर्धी?

खापरीहून, उत्तर
अर्धी तर मुळीच नको, कारण वळणावर अर्ध्या टाकीतले पाणी एका बाजूला धावते आणि गाडी त्या बाजूला झुकते. भरलेली ठेवली तर दीडशे किलो वजन वाढून ब्रेकवर ताण येतो. घाट सुरू होण्यापूर्वी टाकी रिकामी करा, पिण्यापुरते वीस लिटरचे दोन कॅन दोन्ही चाकांच्या मध्ये, फरशीवर घट्ट बांधून ठेवा आणि टाकी मुक्कामाला पोहोचल्यावर भरा.