कॅल्क्युलससोबत नंबर थिअरीही घ्या
गणित शिकताना कॅल्क्युलस (बदलाचा दर मोजायचं गणित) संपेपर्यंत दुसरं काही उघडू नका असं काही जण सांगतात, ते मला नाही पटत. लिनिअर अल्जेब्राला (एकघाती समीकरणं आणि मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांचे चौकोनी तक्ते, यांचं गणित) कॅल्क्युलस जवळपास लागतच नाही, उलट अनेक चलांचं कॅल्क्युलस करताना डेरिव्हेटिव्ह (बदलाचा दर) म्हणजे मॅट्रिक्सच असतो, म्हणजे लिनिअर अल्जेब्रा आधी झालेला बरा.

आणि सिद्धता लिहायची सवय नंबर थिअरीतून (पूर्णांकांच्या गुणधर्मांचं गणित) पहिल्यापासूनच लावा, सुरुवातीला शाळेचं गणित पुरतं. आपल्या देवळालीत पूर्वी शाळेत शिकवणारे गणिती कापरेकर, त्यांचा ६१७४ घ्या ना, चार अंक (सगळे सारखे नकोत) उतरत्या क्रमाने लावून त्यातून चढता क्रम वजा करायचा, परत परत तेच (उत्तर तीन अंकी आलं तर पुढे ० धरून), जास्तीत जास्त ७ पायऱ्यांत ६१७४ येतोच. भाचीला मी एवढंच विचारलं की दर वजाबाकीला ९ ने भाग का जातो, तिने उतरत्या क्रमातल्या अंकांना अ, ब, क, ड म्हणून वजाबाकी ९९९(अ−ड)+९०(ब−क) अशी स्वतः मांडली, ती तिची पहिली सिद्धता.